लग्नाच्या डीव्हीडीचा हलता मेनू: खिडक्या कुठे नाचवायच्या आणि कुठे थांबवायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, घरीच केलंय, अडोबीच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये. गावी आजी-आजोबांकडे अजून डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्यांना रिमोट दाबून "हळद", "सप्तपदी" असं निवडून बघायचंय. म्हणून मेनूत सहा छोट्या खिडक्या, प्रत्येकीत त्या त्या विधीचा व्हिडिओ चालू, खिडक्या उडत येऊन बसतात, असं पिक्चर-इन-पिक्चर करून बघितलं. पण बटणाचा हायलाइट (रिमोटने कुठलं बटण निवडलंय ते दाखवणारी पट्टी किंवा चौकट) खिडकीवर बसत नाही आणि मेनू परत सुरू होताना जोरात झटका बसतो. काय चुकतंय?

बाबा रे, दोन्ही चुका मी केल्यात आणि त्याही गिऱ्हाइकाच्या पैशाने. दादरला मिक्सिंगच्या धंद्यात होतो तेव्हा एका लग्नाला हौसेने असा मेनू केला की खिडक्या डावीकडून उजवीकडे लोकलच्या डब्यांसारख्या सरकत राहायच्या, थांबायच्याच नाहीत, कॉम्प्युटरवर काय भारी दिसत होतं. आठवड्याने नवऱ्या मुलाचे काका डिस्क घेऊन दुकानात हजर. म्हणाले, हळद दाबली की रिसेप्शन लागतं, आणि रिसेप्शन दाबलं की आमच्या मेव्हण्यांचा जेवतानाचा शॉट. कारण सोपं होतं, खिडक्या सरकत होत्या पण बटणं जागच्या जागी होती. काका ज्या खिडकीवर बघून ओके दाबत होते ती तोवर पुढच्या बटणावर गेलेली असायची.

म्हणजे मुद्दा हा की डीव्हीडीच्या मेनूत दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक ठेवलेल्या असतात. खाली साधा एमपेग-२ (डीव्हीडीवर चालतो तो प्रकार) व्हिडिओ, त्यात तुला हवा तेवढा धुडगूस घाल. आणि त्याच्यावर एक पारदर्शक चित्र, ज्याला सबपिक्चर म्हणतात, हायलाइट त्यातून येतो. हे चित्र स्थिर असतं आणि त्यात एका वेळी फक्त चार रंग मिळतात, त्यातला एक तर पारदर्शक ठेवण्यातच जातो. हे चित्र खिडकीच्या मागे धावत नाही, त्यामुळे खिडक्या नाचवायच्या त्या बटणं चालू व्हायच्या आधी, आणि एकदा बटणं चालू झाली की खिडकीची चौकट जागेवरून हलता कामा नये, आतलं चित्र हलू दे खुशाल.

म्हणून मेनूचा व्हिडिओ मी कायम दोन तुकड्यांचा करतो. पहिले ३ सेकंद खिडक्या येऊन बसतात, पुढचे २४ सेकंद त्या बसलेल्या असतात. एकूण २७. प्लेअरला सांगायचं की शेवटाला पोचलास की ० वर न जाता ३ वर जा. एन्कोर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मेनूच्या मोशन टॅबमध्ये लूप पॉइंट (फेरी परत जिथून सुरू होते ती जागा) नावाचा रकाना आहे, तिथे ३ सेकंद टाकायचे, बटणंही तिथूनच जागी होतात. दुसरं कुठलं ऑथरिंगचं, म्हणजे डिस्क-मेनू बनवायचं, सॉफ्टवेअर वापरत असशील तर याच नावाचं काहीतरी शोध. (एन्कोर अडोबीने सीएस६ नंतर बंद केलं, २०१२ चं सॉफ्टवेअर आहे, पण कित्येक जुन्या स्टुडिओत एक पीसी फक्त त्याच्यासाठी राखून ठेवलेला दिसतो, मीही ठेवलाय. फुकटात करायचं आणि कमांड टाइप करायची भीती नसेल तर डीव्हीडीऑथर आहे, त्याच्यासोबतचं स्पूमक्स हेच काम करतं, व्हिडिओवर हायलाइटचं चित्र चढवायचं.)

आता खिडक्यांची मांडणी. टाइमलाइन १९२० बाय १०८० ची, २५ फ्रेमची घे, आपल्याकडे पाल ही टीव्हीची पद्धत आहे म्हणून २५. क्लिपचा स्केल २५ टक्के केलास की खिडकी ४८० बाय २७० ची होते. एका ओळीत तीन म्हणजे १४४०, उरले ४८०, ते चार मोकळ्या जागांत वाटले की प्रत्येकी १२०. पोझिशनमध्ये प्रीमियर खिडकीचा मध्य धरतो, तेव्हा आडवे आकडे ३६०, ९६० आणि १५६०. उभे आकडे मी वरच्या ओळीला ४०० आणि खालच्या ओळीला ७६० देतो, म्हणजे वर नवरा-नवरीची नावं लिहायला जागा राहते आणि प्रत्येक खिडकीखाली विधीचं नाव बसतं. हे आकडे माउसने ओढून जुळवू नको, टाइप कर. ओढून केलेलं कॉम्प्युटरवर सरळ वाटतं, पण मोठ्या टीव्हीवर एक खिडकी दोन पिक्सेल खाली बसलेली बरोबर डोळ्यात खुपते.

जुना डबा टीव्ही असेल तर तो चारी बाजूंनी चित्र खातो हे विसरू नको. प्रत्येक बाजूने ५ टक्के, म्हणजे इथे ९६ पिक्सेल, गेलेच समज, आणि अक्षरं तर १० टक्के आत ठेव. वरच्या मांडणीत खिडक्या १२० वर सुरू होतात म्हणून वाचतात.

आणि एक हिशोब करून बघ. डीव्हीडीवर हे सगळं ७२० बाय ५७६ मध्ये आवळलं जाणार, म्हणजे तुझी ४८० बाय २७० ची खिडकी प्रत्यक्षात १८० बाय १४४ ठिपक्यांची. एवढ्याशा जागेत तू अख्खा हॉल, स्टेज, चारशे माणसं असा वाइड शॉट टाकलास तर मुंग्यांचं वारूळ दिसेल. मेनूच्या खिडकीत क्लोजअपच लागतो. हळदीचा हात, मुंडावळ्या बांधलेला चेहरा, होमातली लाह्यांची ओंजळ. क्लोजअप नसेल तर शॉटच आत झूम कर, इथे क्वालिटी जायची भीती नाही कारण चित्र शेवटी एवढंसंच दिसणार आहे.

खिडकी बनवताना क्लिप सरळ मेन टाइमलाइनवर लहान करू नको. प्रत्येक विधीची वेगळी सीक्वेन्स बनव, २७ सेकंदांची, पूर्ण १९२० च्या मापाची, त्यातच झूम, कलर, आणि भोवतीची सोनेरी चौकट. मग ती सीक्वेन्स उचलून मेन टाइमलाइनवर टाक, म्हणजे नेस्ट, आणि स्केल-पोझिशनच्या कीफ्रेम (कुठल्या फ्रेमला किती माप आणि कुठली जागा याच्या खुणा) फक्त या नेस्टवर. फायदा असा की उद्या बहीण म्हणाली हा शॉट नको, माझे डोळे मिटलेत (म्हणणारच, लिहून घे), तर आत जाऊन शॉट बदलायचा, बाहेरच्या एकाही कीफ्रेमला हात लावावा लागत नाही. चौकटीची जाडी नेस्टच्या आत २४ पिक्सेल ठेव, ती लहान होऊन ६ उरते आणि डीव्हीडीवर साधारण ३ रेषा. त्याहून बारीक ठेवलीस तर जुन्या टीव्हीवर ती रेष लपलप करत राहते, कारण तिथे चित्र एक सोडून एक ओळीने रंगवलं जातं आणि एका ओळीची रेष दर दुसऱ्या वेळी गायब असते.

हेच आपल्या लिपीला सगळ्यात जास्त नडतं. इंग्रजी अक्षरांना शिरोरेषा नाही, आपल्याला आहे, आणि ती नेमकी आडवी. नाजूक फॉन्टमध्ये "सप्तपदी" लिहिलंस की अख्ख्या शब्दाच्या डोक्यावर ट्यूबलाइट खराब झाल्यासारखी चमकते. जाड फॉन्ट घे. मुक्ता किंवा बलू बघ, दोन्ही एक टाइप या मुंबईतल्याच मंडळींनी केलेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, मी बोल्ड किंवा त्याहून जाड वापरतो, साइज १०८० च्या टाइमलाइनवर ४४ च्या खाली नाही. आणि प्रीमियरच्या जुन्या व्हर्जनमध्ये मराठी थेट टाइप केलंस तर वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात. जिथे नीट उमटतं तिथे लिही, पारदर्शक पीएनजी बनव आणि ती आण. लग्नाच्या मेनूत नवरीच्या आडनावातलं जोडाक्षर फुटलेलं सासरच्यांना दिसलं तर काय होतं ते मी इथे सांगत नाही.

उडत येऊन बसण्याचं म्हणशील तर साधं ठेव. एका खिडकीला २० फ्रेम. पहिल्या फ्रेमला स्केल ०, सोळाव्याला २७, विसाव्याला २५. ते २७ वर जाऊन परत येणं म्हणजे पाटावर बसताना माणूस जरा टेकतो तसं, त्याच्याने जीव येतो. शेवटच्या कीफ्रेमला ईझ इन दे, म्हणजे वेग हळूहळू कमी होत थांबतो. मग पुढची खिडकी ८ फ्रेम उशिरा, तिच्या पुढची आणखी ८. सहावी चाळिसाव्या फ्रेमला निघते आणि साठाव्याला बसते, म्हणजे २ सेकंद १० फ्रेम. ३ सेकंदाला बटणं येईपर्यंत १५ फ्रेमची उसंत मिळते, ती लागते, नाहीतर हायलाइट घाईघाईत आल्यासारखा वाटतो. गोल फिरत येणं, पानासारखं उलगडणं हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून वापरायचं नाही. एक प्रकार निवड आणि सहाही खिडक्यांना तोच दे.

आता तो झटका. झटका बसतो कारण २७ व्या सेकंदाला खिडकीत करवल्या हसताहेत आणि ३ ऱ्या सेकंदाला त्याच खिडकीत भटजी. सहा खिडक्यांत एकदम असं झालं की पूर्ण स्क्रीन दचकतो. यावर जुनी युक्ती आहे, पण कोणी मुद्दाम सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

समजा हळदीचा २५ सेकंदांचा एकसलग शॉट आहे. तो १३ व्या सेकंदाला काप. पहिला तुकडा ० ते १३, दुसरा १३ ते २५. आता लूपच्या भागात दुसरा तुकडा आधी ठेव आणि पहिला त्याच्यामागे, दोघांमध्ये १ सेकंदाचा डिझॉल्व्ह (एक चित्र विरघळत दुसरं येतं तो). १२ अधिक १३ वजा १, बरोबर २४ सेकंद. गंमत बघ, लूप जिथे संपतो तिथे शॉटचा १३ वा सेकंद आहे आणि लूप जिथे सुरू होतो तिथेही १३ वाच, म्हणजे जोड मुळात सलगच आहे, दिसणार काय. खरा सांधा मध्ये गेला आणि तो डिझॉल्व्हखाली झाकला. आणि सुरुवातीच्या ३ सेकंदांत, खिडकी उडत येताना, त्याच शॉटचा १० ते १३ हा भाग टाक, म्हणजे तिथूनही आत शिरताना अडखळत नाही. सगळ्या खिडक्या मात्र १३ लाच कापू नको, एक ११ ला, एक १५ ला, म्हणजे डिझॉल्व्ह एकाच वेळी येत नाहीत आणि कोणाच्या लक्षात राहत नाहीत. फक्त उडत येतानाचे ३ सेकंद कापाच्या आधीचे घ्यायचे, ११ ला कापलंस तर ८ ते ११.

लग्नात २५ सेकंदांचा सलग शॉट कोण घेतो, असं म्हणशील. खरंय. ५० फ्रेमवर शूट केलं असेल तर निम्म्या वेगाने चालव, साडेबारा सेकंदांचे २५ होतात आणि मेनूला स्लो मोशन छानच दिसतं. तेही नसेल तर खिडकीत तीन-चार छोटे शॉट लाव आणि त्यातला एक कट नेमका लूपच्या जागी येऊ दे. कट तर आत चालूच आहेत, त्यात आणखी एक, कोणाला कळतंय. माझं मत विचारशील तर तीन खिडक्यांना सलग शॉट आणि तीन खिडक्यांना कट, असं मिश्रण बरं. सहाही खिडक्यांत कट पडत राहिले तर डोकं गरगरतं.

शॉट निवडताना ज्याला शेवट नाही अशी हालचाल बघ. अक्षता पडताहेत, समईची ज्योत, चुडा भरताना बांगड्या सरकताहेत. अंतरपाट बाजूला होतो तो शॉट मोहाचा असतो, सगळे तोच टाकतात, पण तो एकदाच होणारा प्रसंग आहे, मेनूत दर २४ सेकंदांनी अंतरपाट परत धरला जातो आणि परत दूर होतो, लोक हसतात.

मागच्या पार्श्वभूमीलाही हाच नियम. मी बहुतेक वेळा फिरती रांगोळी टाकतो. आठ पाकळ्यांची असेल तर पूर्ण ३६० अंश फिरवायची गरजच नाही, २४ सेकंदांत ४५ अंश फिरव, एक पाकळी शेजारच्या पाकळीच्या जागी येते आणि चित्र होतं तसंच दिसतं. वेगही मंद राहतो. इथे ईझ अजिबात देऊ नको, कीफ्रेम सरळ रेषेत ठेव, नाहीतर दर फेरीला रांगोळी थांबल्यासारखी वाटेल.

२४ सेकंदच का, तर गाण्यासाठी. केरवा तालाच्या आठ मात्रा असतात. मिनिटाला १२० च्या लयीत एक आवर्तन ४ सेकंदांचं होतं, म्हणजे टाइमलाइनवर मोजून १०० फ्रेम, आणि २४ सेकंदांत सहा आवर्तनं पूर्ण बसतात. लूप समेवरून समेवर येतो. गाण्याची लय वेगळी असेल तर लूपची लांबी बदल, गाणं ओढूनताणून बसवू नको. सनईचा नुसता आलाप असेल तर हे गणित लागू नाही, तिथे शेवटच्या १० फ्रेम फेड करून टाक. तसंही डिस्कवरचा लेझर मागे जाऊन परत वाचायला घेतो तेव्हा बऱ्याच प्लेअरवर क्षणभर अडकल्यासारखं होतं, ते तुझ्या हातात नाही. चित्रात ते खपून जातं, आवाजात मात्र चटकन कळतं.

आता हायलाइट. चार रंगांची मर्यादा असल्याने कडा गुळगुळीत होत नाहीत, दातेरी दिसतात. म्हणून हायलाइटला नक्षीदार अक्षरं, सावली, चमक वगैरे नको. नावाखाली एक जाड पिवळी पट्टी किंवा खिडकीभोवती सरळ चौकट, बस. लाल तर नकोच, शालूचा लाल आधीच जुन्या टीव्हीवर पसरतो, त्यात लाल हायलाइट हरवून जाईल. बटणांचे चौकोन एकमेकांवर चढू देऊ नको. आणि तुझा हायलाइट बसत नाही याचं दुसरं कारण बहुतेक हे असेल: व्हिडिओ तू वाइड पालमध्ये बनवला, पण हायलाइटचं चित्र फोटोशॉपमध्ये चौकोनी पिक्सेलच्या ७२० बाय ५७६ कागदावर काढलं. वाइड पालचे पिक्सेल आडवे ताणलेले असतात, फोटोशॉपला तसं सांगितलं नाहीस तर ७२० चा कागद त्याला वेगळ्याच आकाराचा वाटतो आणि पट्टी ताणली जाते किंवा बाजूला सरकते. नवी फाइल उघडताना पालचा वाइडस्क्रीन प्रीसेट निवड आणि मेनूच्या व्हिडिओची एक फ्रेम निर्यात करून खालच्या लेयरला ठेव, तिच्यावरच हायलाइट काढ. डोळ्यांनी बसलेलं दिसलं की झालं.

एन्कोरमध्ये फोटोशॉपच्या लेयरना ठरावीक खुणा लागतात, बटणाच्या ग्रुपच्या नावाआधी कंसात अधिक (+), हायलाइटच्या लेयरआधी (=१) अशी खूण, आकडा मात्र कीबोर्डवरचा इंग्रजी. लेयरआधी (%) लावलं तर एन्कोर स्वतःच त्या जागी व्हिडिओचा चालता तुकडा बसवतो आणि सुरुवातीला वाटतं अरे हे तर फुकटात झालं. पण ना उडत येणं, ना चौकट, ना तो कापून उलटा लावलेला लूप. घाई असेल तर ठीक, तू इतका जीव लावलायस तर प्रीमियरमध्येच कर.

एक्स्पोर्ट करताना मेनूला बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सढळ हाताने दे. ७ एमबीपीएसने २७ सेकंद म्हणजे जेमतेम २४ एमबी, ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये ते किस झाड की पत्ती. काटकसर मुख्य फिल्ममध्ये करावी लागते, अडीच तासांचं लग्न एका डिस्कवर बसवायचं तर आवाज धरून साधारण ४ एमबीपीएस मिळतात, म्हणून तिथे आवाज पीसीएम (न आवळलेला) ठेवू नको, तो एकटाच दीड खातो, डॉल्बी (आवळलेला) कर.

पहिली डिस्क रीराइटेबलवर मार. कॉम्प्युटरवर माउसने क्लिक करून सगळं चालतं, रिमोटवर चालत नाही असं नेहमी होतं, कारण रिमोटला फक्त वर-खाली-डावी-उजवी कळतं. वरच्या ओळीच्या शेवटच्या खिडकीवरून उजवीकडे दाबलं की खालच्या ओळीच्या पहिल्या खिडकीवर जायला हवं, आणि सॉफ्टवेअरने आपोआप लावलेले रस्ते अशा ठिकाणी हमखास चुकतात, ते हाताने लाव. मग मेनू दहा मिनिटं तसाच चालू सोड आणि शेजारच्या खोलीत जाऊन नुसता ऐक. लूपच्या जागी कान टवकारले तर आवाज परत जुळव.

आणि आजोबांना डिस्कसोबत पेनड्राइव्हही देणार असशील तर त्यावर यातलं काही चालत नाही, टीव्हीला फक्त फाइली दिसतात. तिथे प्रत्येक विधीची वेगळी एमपी४ कर, नावाआधी ०१, ०२ असे आकडे टाक, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण बऱ्याच टीव्हींवर मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन येतात.